‘ऑल’, ‘होल’, ‘एव्हरी’: ‘सगळं’ला इंग्रजीत नेमकं काय?

कानामात्रा: पन्नाशीत नव्याने इंग्रजी लिहायला शिकतेय. बाईंनी माझं ‘आय रेड ऑल बुक’ खोडून ‘द होल बुक’ केलं, खालचं ‘ऑल द बुक्स’ मात्र तसंच ठेवलं. मराठीत दोन्हीकडे ‘सगळं’च की! यात काही नियम आहे, की नुसती कानाची सवय?

आडवी रेघ: नियम आहे, आणि तो तुम्ही रोज वापरता. ‘सगळं पुस्तक’ म्हणजे एकच, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. ‘सगळी पुस्तकं’ म्हणजे एकूण एक. आपण वचन बदलून भागवतो, इंग्रजी शब्दच बदलते. मोजता न येणाऱ्याला ‘ऑल द वॉटर’. ‘एव्हरी’पुढे नाम एकवचनी, क्रियापदही.

गंमत पुढेच आहे. ‘होल’ अनेकवचनापुढेही येतो, पण अर्थ फिरतो. ‘ऑल द व्हिलेजेस वेअर फ्लडेड’ म्हणजे एकही गाव सुटलं नाही. ‘होल व्हिलेजेस वेअर फ्लडेड’ म्हणजे आपलं ‘गावंच्या गावं पाण्याखाली गेली’. काही वाचलीही असतील. हे कळायला मला फार वर्षं लागली.

शाईचा डाग: खरी मेख नकारात आहे. मी एकदा लिहिलं, ‘ऑल द फॉर्म्स आर नॉट साइन्ड’. राहिले होते फक्त तीन. वाचणाऱ्याला वाटलं एकावरही सही नाही, आणि गठ्ठाच्या गठ्ठा परत आला! ‘सगळ्या अर्जांवर सह्या नाहीत’ हे मराठीतही तसंच दुटप्पी, पण बोलताना आपण ‘सगळ्या’वर जोर देऊन निभावतो. कागदावर जोर कुठून आणणार? तेव्हापासून मी ‘नॉट ऑल’ नाहीतर ‘नन ऑफ द’ लिहितो, तिसरं काही नाही.

कानामात्रा: बाप रे. आणि ‘वाघ पोहतो’, म्हणजे वाघाची जातच?

आडवी रेघ: ‘टायगर्स कॅन स्विम’. ‘द टायगर कॅन स्विम’ही चालतं, जरा पुस्तकी. ‘द टायगर्स’ म्हटलंत की आधी बोलणं झालेले ठरावीक वाघ. ‘द रिच’ मात्र दिसायला एकवचनी, क्रियापद ‘आर’.

कानामात्रा: ‘माणूस न् माणूस’?

शाईचा डाग: ‘एव्हरी सिंगल पर्सन’. आणि ‘झाडून सगळे’ म्हणायचं असेल तर ‘एव्हरी लास्ट वन’.