मदत हवी आहे: कडक उन्हातली फुल आयर्नमॅन, मिठाच्या गोळ्या तासाला किती?

अर्धवट_लोखंडी
रेस (३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, मग मॅरेथॉन) दीड महिन्यावर आली आहे, म्हणून पाल्हाळ लावत नाही. मागची हाफ, म्हणजे अर्ध्या अंतराची, भर उन्हात झाली. पोहणं ठीक, सायकल तर मस्तच. पळायला उतरलो आणि थोड्याच वेळात पोट गच्च, मग उलटी, मग पोटऱ्यांत पेटके. उरलेलं अंतर चालत काढलं. आता फुल आहे, हवामान तसंच असणार. मीठ कमी पडलं हे उघड आहे. तासाला किती गोळ्या, कधीपासून सुरू करायच्या, एवढंच जाणकारांनी सांगावं. 'डॉक्टरांना विचार' आणि 'थंडीतली रेस बघ' हे सल्ले घरी भरपूर मिळाले आहेत.

वॉटवेडा
मीठ कमी पडलं हे उघड कसं काय? तापमान किती होतं, आर्द्रता किती? सायकलवर काय प्यालात, किती प्यालात? पॉवर (पेडलवरचा जोर, वॉटमध्ये) किती ठेवली होती? ह्यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि निदान मात्र तयार आहे.

खारा_माणूस
मला अगदी हेच व्हायचं. गोळ्या सुरू केल्या, पेटके बंद. विषय संपला. बाकी लोक आता तुम्हाला निबंध ऐकवतील, तिकडे लक्ष देऊ नका. मीठ, मीठ आणि मीठ.

अर्धवट_लोखंडी
@वॉटवेडा ३६ डिग्री. बाकी सगळं नेहमीसारखंच.
@खारा_माणूस धन्यवाद. पण किती?

खारा_माणूस
पेटका येतोय असं वाटलं की एक. नाही वाटलं तरी एक.

वॉटवेडा
३६ कोरडे की ३६ दमट, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घाम नुसता गळून गार वाटत नाही, तो उडावा लागतो. दमट हवेत घाम टपटप खाली पडतो, पाणी जातं आणि अंग तापलेलंच राहतं. म्हणून रेसवाले डब्ल्यूबीजीटी बघतात, म्हणजे दमटपणा, ऊन आणि तापमान मिळून उष्णतेचा एक आकडा. त्या आकड्यात ओल्या बल्बच्या (ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या) तापमानाला ७० टक्के वजन असतं, काळ्या गोळ्यातल्या तापमानाला, म्हणजे उन्हाच्या माऱ्याला, २० आणि आपण ज्याला तापमान म्हणतो त्याला फक्त १०. तेव्हा '३६ डिग्री' म्हणजे तुम्ही दहा टक्के माहिती दिलीत.

अर्धवट_लोखंडी
दमट. समुद्राला लागूनच रस्ता होता.

फक्त_पोहतो
समुद्र गरम असेल तर वेटसूटचं (पोहताना घालायच्या रबरी सूटचं) आधी बघा. आयर्नमॅनच्या नियमात पाणी २४.५ डिग्रीपर्यंत असेल तर वेटसूट चालतो. २४.५ ते २८.८ मध्ये हौशी गटातल्यांना घालता येतो, पण मग बक्षीस आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपचा स्लॉट मिळत नाही. २८.८ च्या वर पूर्ण बंदी. लोक सरावात वेटसूटच्या तरंगण्यावर विसंबतात आणि रेसच्या सकाळी घोषणा झाली की चेहरा पडतो. ३.८ किलोमीटर बिनसूटचे पोहून ठेवा.

अर्धवट_लोखंडी
पोहण्याबद्दल मी विचारलेलंच नाही.

फक्त_पोहतो
बरं. कुणाला मध्यम मापाचा वेटसूट हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

स्टेथो_आणि_शूज
मी डॉक्टर आहे, तेव्हा 'डॉक्टरांना विचारा' असं म्हणत नाही, मीच विचारते. त्या दिवशी पेनकिलर घेतली होती का? रोजची काही औषधं? आणि रेसनंतर वजन वाढलं होतं की घटलं होतं?

अर्धवट_लोखंडी
ताई, गुडघ्यासाठी सकाळी एक आयबुप्रोफेन घेतली होती, सगळेच घेतात. रात्री ॲलर्जीची गोळी असते, तिचा काय संबंध? वजन कोण करतं रेसनंतर?

स्टेथो_आणि_शूज
दोन्हींचा संबंध आहे. अंगात पाणी कमी असताना किडनीचा रक्तपुरवठा ज्या यंत्रणेने टिकतो, तिच्याच आड आयबुप्रोफेन येते. पोटाच्या अस्तराला त्रास देते तो वेगळाच, आणि रक्तातलं सोडियम उतरण्याचा धोकाही तिच्यामुळे वाढू शकतो. ॲलर्जीच्या जुन्या पिढीतल्या, झोप आणणाऱ्या गोळ्या घाम कमी करतात. तुमची कुठली आहे ते पाकिटावर बघा आणि ज्यांनी लिहून दिली त्यांना रेसबद्दल सांगा. रेसच्या दिवशी पेनकिलर नाही. गुडघा दुखत असेल तर तो प्रश्न आत्ता सोडवा, त्या दिवशी सकाळी नाही.

वजन विचारलं कारण वाढलं असेल तर पाणी जास्त झालं होतं. रक्तातलं सोडियम १३५ च्या (मिलिमोल प्रति लिटर) खाली गेलं की मळमळ, डोकेदुखी, गोंधळ. दिसायला डिहायड्रेशनसारखंच, आणि शेजारचा प्रेमाने अजून पाणी पाजतो.

खारा_माणूस
म्हणजे मीठच कमी! मी काय म्हणत होतो?

स्टेथो_आणि_शूज
नाही हो. रेसमध्ये सोडियम उतरतं ते बहुतेक वेळा पाणी जास्त झाल्यामुळे. जास्त पाणी पिऊन वर गोळ्या घेतल्या तर त्या तुम्हाला वाचवत नाहीत. तहान लागेल तसं प्या.

वॉटवेडा
आणि पेटक्यांचं म्हणाल तर आयर्नमॅनच्या शर्यतींतच लोकांचं रक्त तपासून झालंय. पेटके आलेल्या आणि न आलेल्या लोकांच्या सोडियममध्ये सांगण्यासारखा फरक सापडला नाही. सरावापेक्षा जोरात गेलेल्यांना आणि आधी पेटके आलेल्यांना मात्र ते जास्त आले. दमलेला स्नायू आणि त्याचा मेंदूशी बिघडलेला संवाद, हे कारण जास्त पटतं.

खारा_माणूस
अभ्यास तुमच्याकडे ठेवा. माझ्या पोटऱ्यांनी ते अभ्यास वाचलेले नाहीत.

वॉटवेडा
तुमच्या पोटऱ्यांचं कल्याण असो. मूळ प्रश्न पोटाचा आहे. धागाकर्ते, बाटलीत काय होतं ते अजून कळलेलं नाही.

अर्धवट_लोखंडी
एका बाटलीत सगळे एनर्जी जेल (साखरेचा घट्ट पाक) घोळून घेतले होते, तेच ९० किलोमीटरभर थोडं थोडं. दुसरीत ड्रिंक मिक्स. साधं पाणी वाटेतल्या पाण्याच्या स्टेशनवर मिळालं तर घोटभर, बरंचसं डोक्यावर ओतलं. पॉवर एफटीपीच्या (साधारण तासभर टिकेल त्या कमाल पॉवरच्या) ८५ टक्के, प्लॅनप्रमाणे. ह्यात गैर काय आहे?

वॉटवेडा
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर इतकी पानं वाचली असती!

जेलचा पाक आणि त्यावर ड्रिंक मिक्स, म्हणजे पोटात साखरेचं घट्ट द्रावण. तसं काही आतड्यात उतरलं की ते पातळ करायला शरीर उलट आतच पाणी ओढून आणतं. सर्वसाधारण स्पोर्ट्स ड्रिंक ६ ते ८ टक्क्यांचं असतं ते उगाच नाही. त्यात उन्हात रक्त त्वचेकडे पळतं, स्नायूही मागतात, आतड्याच्या वाट्याला उरतं थोडं. मग जे पोटात आहे ते तिथेच डुचमळत राहतं. सायकलवर बसून काही जाणवत नाही, पळायला लागलं की सगळं हलतं. पोट गच्च होणं, उलटी, हे त्याचंच वर्णन आहे. तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्ब घ्या, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून, पण प्रत्येक जेलवर साधं पाणी. आणि सराव तोच आकडा धरून उन्हातच करायचा, आतडंही शिकतं.

आता ८५ टक्के. ही एफटीपी कुठे मोजली?

अर्धवट_लोखंडी
घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवर बसवायच्या स्टँडवर.

वॉटवेडा
एसी आणि पंखा?

अर्धवट_लोखंडी
अर्थात. नाहीतर घामाने लॅपटॉप भिजतो.

वॉटवेडा
मग तो आकडा एसीतल्या माणसाचा आहे. उन्हात तेवढ्याच वॉटला हृदय जास्त ठोके मारतं आणि तासागणिक ते चढत जातं. फुलला १८० किलोमीटर आहेत, थंडीतसुद्धा बहुतेक हौशी लोकांना ७० च्या आसपास थांबावं लागतं. दमट उन्हात त्याच्याही खाली या. पॉवर आणि ठोके दोन्ही बघा, त्यातलं जे आधी मर्यादा गाठेल त्याचं ऐका. लोक तुम्हाला मागे टाकतील. टाकू देत.

कोना_स्वप्न
अवांतर: हवाईच्या आयर्नमॅनमध्ये, क्वीन के हायवेवर, हेच होतं. दोन्ही बाजूंना काळा लाव्हा, सावली शून्य, वारा समोरून. आणि धावताना एनर्जी लॅबकडच्या रस्त्याचा तो उतार-चढ. स्पर्धा १९७८ मध्ये सुरू झाली तिथेच. पंधरा जण निघाले, बारा पोचले.

जुना_घोडा
तिथेच नाही. १९७८ ची ओआहू बेटावर झाली, वायकिकीचं पोहणं, बेटाभोवतीची सायकल आणि होनोलुलू मॅरेथॉन एकत्र करून. हवाईच्याच दुसऱ्या बेटावर, कोनाला, १९८१ मध्ये गेली. लाव्हा वगैरे तेव्हापासून. बाकी पंधरा आणि बारा बरोबर.

कोना_स्वप्न
दुरुस्तीबद्दल आभार काका. ज्युली मॉस शेवटच्या काही मीटरवर कोसळून रांगत आली ती ऑक्टोबर १९८२ ची ना?

जुना_घोडा
फेब्रुवारी १९८२. त्या वर्षी दोनदा झाली होती, म्हणून घोळ होतो. कॅथलीन मॅककार्टनी तिला ओलांडून जिंकली. १९९७ मध्ये तर सियान वेल्च आणि वेंडी इन्ग्रॅम दोघी एकदम रांगत होत्या, चौथ्या-पाचव्या क्रमांकासाठी.

स्टेथो_आणि_शूज
ह्या चित्रफितींवर लोक टाळ्या वाजवतात, मला मात्र ते बघवत नाही. कुणी असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, उगाच चिडला, तर तो हीटस्ट्रोक धरून चालायचं. आतलं तापमान ४० च्या वर आणि मेंदूवर परिणाम. आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून गार करायचं, मग हॉस्पिटलकडे हलवायचं, हा क्रम.

खारा_माणूस
घाम थांबला की हीटस्ट्रोक, हे सोपं लक्षण आहे.

स्टेथो_आणि_शूज
हे कृपया कुणी लक्षात ठेवू नका. व्यायामातल्या हीटस्ट्रोकमध्ये पेशंट बऱ्याचदा घामाने निथळत असतो.

पुदिना_पंत
इतके प्रतिसाद आले आणि मेंथॉलचं नाव कुणी काढलं नाही! मेंथॉल टाकलेल्या पाण्याची चूळ भरायची, मानेवर स्प्रे मारायचा. उन्हात असल्याचं विसराल.

वॉटवेडा
विसराल हेच तर भय आहे. मेंथॉलने थंड वाटतं, तापमान उतरत नाही. त्यापेक्षा खरा बर्फ: टोपीत, सूटच्या गळ्यातून आत, हातात धरून. सुरू होण्याआधी किसलेल्या बर्फाचं सरबत प्यायलात तर सुरुवातच थोडी थंड होते. पांढऱ्या बाह्या घाला आणि प्रत्येक स्टेशनवर भिजवा.

पुदिना_पंत
वाटणं महत्त्वाचं नाही का? रेस शेवटी डोक्यानेच होते.

वॉटवेडा
डोकं ४१ वर गेलं की कशानेच होत नाही.

माठातलं_पाणी
सगळे रेसच्या दिवसाबद्दल बोलताय. दीड महिना आहे ना त्यांच्याकडे? शरीर उन्हाला सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, रोज तासभर किंवा थोडं जास्त. पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी जातं. म्हणजे मिठाच्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथेच आहे. मात्र आत्ता करून सोडून दिलं तर दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. शेवटच्या तीन आठवड्यांत बसवा आणि टेपरमध्ये (रेसआधी सराव कमी करतात त्या दिवसांत) अधूनमधून उजळणी करा. बाहेर ऊन नसेल तर पंखा बंद करून ट्रेनर. किंवा व्यायामानंतर लगेच ४० डिग्रीच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास मानेपर्यंत, आठवडाभर सलग. घरात दुसरं माणूस असतानाच, आणि उठताना सावकाश, चक्कर येते.

अर्धवट_लोखंडी
पंखा बंद करून पाहिला. वजन करून बसलो, तासाभराने पुन्हा केलं. दीड किलो कमी, मधे अर्धा लिटर प्यालो होतो. लॅपटॉप वाचला. पण माझा प्रश्न अजून तसाच आहे.

वॉटवेडा
म्हणजे तासाला दोन लिटर घाम. तेवढं पाणी तुमचं पोट रिचवू शकणार नाही, बहुतेकांचं लिटरच्या आसपास थकतं. तूट राहणारच, ती लहान ठेवायची असेल तर घामच कमी गाळायचा, म्हणजे वेग कमी आणि बर्फ जास्त.

स्टेथो_आणि_शूज
आणि आता गोळ्या, कारण विचारलं होतं. घामातलं सोडियम माणसागणिक बदलतं, लिटरला पाचशे मिलिग्रॅमपासून दीड हजाराच्याही पुढे. कपड्यांवर पांढरे डाग पडत असतील तर तुम्ही वरच्या टोकाकडचे. प्यालेल्या लिटरमागे पाचशे ते हजार मिलिग्रॅम सोडियम ही बरी सुरुवात आहे, ड्रिंकमधलं धरून. रक्तदाब असेल तर हे सगळं रद्द, आधी तपासणी. पाकिटावर 'मीठ' लिहिलंय की 'सोडियम' ते नीट बघा. एक ग्रॅम मिठात सोडियम चारशे मिलिग्रॅमच्याही किंचित खाली भरतं.

अर्धवट_लोखंडी
माझ्या पाकिटावर 'मीठ २५० मिग्रॅ' आहे. म्हणजे एका गोळीत शंभर. लिटरला पाच ते दहा गोळ्या??

खारा_माणूस
मी म्हटलं ना, मीठ!

स्टेथो_आणि_शूज
इतक्या गोळ्या गिळत बसण्यापेक्षा सोडियम बाटलीतच जास्त असू दे. कोरड्या पोटात मिठाच्या गोळ्या गेल्या तर मळमळ घरपोच.

अर्धवट_लोखंडी
ठीक. रविवारी उन्हात लांब ब्रिक (सायकल आणि लगेच पळणं) आहे, कमी पॉवर आणि साधं पाणी असं करून बघतो. गोळ्या मागवून झाल्या आहेत, त्या खिशात असतीलच. अजून एक: सायकलवरच्या स्पेशल नीड्स बॅगेत (वाटेत मिळणाऱ्या आपल्या सामानाच्या पिशवीत) गोठवलेली बाटली ठेवली तर ती मिळेपर्यंत काही थंड उरतं का?

जुना_घोडा
बॅगा पहाटे जमा होतात आणि उन्हात पडून राहतात. साधी बाटली कोमट होते. थर्मासची बाटली पूर्ण गोठवून, वर मोज्यात गुंडाळून ठेवली तर मला दुपारीही आत बर्फाचा खडा मिळालाय. फक्त ती बाटली सायकलच्या पिंजऱ्यात बसते का ते आधी घरी बघा, थर्मासची तोंडं जाड असतात.