क्लच पेडल खाली बसतंय, पंप मारला की गिअर पडतो. प्लेट की सिलेंडर?

जुन्नरचा_शेतकरी:
नमस्कार मंडळी, 2006 ची डिझेल पिकअप आहे, हायड्रॉलिक क्लच, टोमॅटो भरून वाशी मार्केटला जाते. हल्ली गाडी तापली की क्लच पेडल एकदम हलकं होऊन खाली बसतं, पहिला आणि रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येतो, पण पटापट दोनतीनदा पंप मारला की गिअर नीट पडतो. डबीतलं ऑइलपण हळूहळू कमी होतंय. मेकॅनिक म्हणतो प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवू. सीझन चालू आहे हो, गाडी उभी ठेवणं परवडत नाही, काय करू?

घाटवाला:
दादा गिअरबॉक्सला आत्ताच हात लावू देऊ नका. प्लेट घासली असती तर चढाला इंजिन नुसतं ओरडलं असतं आणि गाडी ओढली नसती. पंप मारून पेडल परत येतंय म्हणजे लाइनमध्ये एअर आहे नाहीतर सिलेंडरचे वॉशर (आतले रबरी सील) गेलेत. ऑइल कमी होतंय तर ते कुठेतरी बाहेर पडतंयच, आधी ते शोधा. पेडलच्या वर जिथे रॉड मास्टर सिलेंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलतो तो) जातो तिथे बोट फिरवा, ओलं लागलं किंवा खालचा रंग फुगून सुटला असेल तर मास्टर. मग गाडीखाली जाऊन स्लेव्हचा, म्हणजे त्या ऑइलच्या जोरावर क्लच सोडवणाऱ्या खालच्या सिलेंडरचा, रबरी बूट मागे सरकवून बघा. लेव्हल कमी न होता पेडल बसत असतं तर मास्टर आतल्या आत प्रेशर सोडतोय असं म्हटलं असतं.

जुन्नरचा_शेतकरी:
पेडलकडे कोरडं ठाक आहे. स्लेव्हचा बूट सरकवला तर आतून काळं पाणी ठिबकलं!

घाटवाला:
सापडलं मग. स्लेव्ह खोलून आतून बघा, बोअर (सिलेंडरची आतली भिंत) गुळगुळीत असेल तर किट (नव्या वॉशरचा सेट) टाका, खड्डे किंवा गंज असेल तर नवीन सिलेंडरच घ्या, नाहीतर नवे वॉशर पण त्या खड्ड्यांवर कापले जातील.

गॅरेज_पंढरपूर:
बरोबर सांगितलंय, त्यात माझी भर. ऑइल डबीच्या कॅपवर लिहिलंय तेच टाका, डॉट 3 किंवा डॉट 4 (ब्रेक-क्लच ऑइलचे प्रकार), इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं चुकूनही नको, सगळे रबर फुगतात. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं, डॉट 3 नवीन असताना 205 डिग्रीच्या वर उकळतं पण ओलावा धरला की तो आकडा 140 पर्यंत खाली येऊ शकतो, आणि तुमचं काळं झालंय म्हणजे सगळंच बदला. एअर काढताना एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने स्लेव्हवरचा निपल (एअर काढायचा छोटा स्क्रू) सोडून परत आवळायचा, मगच पेडल सोडायचं, आणि डबी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. निपल वरच्या बाजूला येईल असाच स्लेव्ह बसवा, खाली राहिला तर कितीही पंप मारा, एअर निघणार नाही. रबरी होजपण बघून घ्या, पेडल दाबल्यावर फुगत असेल तर तोही बदला.