मनाचा कीस किती काढावा?

धागाकर्ता: हल्ली कादंबरी उघडावी तर नायक पानंच्या पानं स्वतःचं मन उसवत बसलेला. घडत काहीच नाही, आणि आपण त्याला खोल म्हणतो. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' घ्या. 1895 मध्ये नवऱ्याने धर्म बदलला, संसार उधळला. बाई काय झालं ते सांगतात, कोण काय बोललं ते सांगतात, मध्येच हसवतात. दुःखाचा कीस नाही, तरी गलबलून येतं.

पानगळ: येतं, कारण त्यांच्याकडे सांगण्याजोगं घडलं होतं. ज्याच्या आयुष्यात बाहेरून काही घडतच नाही, त्याने लिहूच नये? मर्ढेकरांनी 1942 साली 'रात्रीचा दिवस' कादंबरीत संज्ञाप्रवाह, म्हणजे मनात विचार येतील तसे मांडणं, वापरला तो काय हौस म्हणून? आठवण आणि आत्ताचं एकमेकांत घुसतं, ते सरळ निवेदनात मावत नाही.

तिरकस: मर्ढेकरांच्या कविता लोकांना पाठ आहेत. ही कादंबरी पुरी वाचलेल्यांनी हात वर करा.

पानगळ: वाचक मोजूनच ठरवायचं तर पंचांग सर्वश्रेष्ठ.

जुनी वही: "वडील गेले, मी आतून तुटलो." यात निरीक्षण कुठेय? ही तर नुसती घोषणा. आता हे बघा: "वडील गेले त्या रात्री मला कडकडून भूक लागली. जेवण मागायची लाज वाटली. आणि लाज वाटतेय याचं जरा बरंही वाटलं." शेवटच्या वाक्यात लिहिणारा स्वतःलाच रंगेहाथ पकडतो. शेजारी बसलेल्यालाही ते दिसलं नसतं, कॅमेऱ्याला तर नाहीच. यासाठी मला असं गद्य हवं.

धागाकर्ता: तुमच्या उदाहरणात मृत्यू आहे, भूक आहे, म्हणजे घटना आहेच की! शिवाय तीन-चार वाक्यांत आटोपलं. माझी तक्रार पुढच्या बारा पानांबद्दल आहे, जिथे तीच लाज उलटीपालटी करून दाखवतात.

पानगळ: शोक असा आटोपतो का? तोच विचार दहादा येतो. कंटाळा हाही त्या अनुभवाचाच भाग.

तिरकस: मग तो लेखकाने भोगावा. मी पुस्तक विकत घेतलंय.

जुनी वही: पानगळ, इथे मात्र मी तिरकसच्या बाजूने. विचार दहादा येऊ दे, पण दर खेपेला लेखकाने स्वतःबद्दल आधी लपवलेलं काहीतरी बाहेर पडायला हवं. तसं होत नसेल तर संपादकाने कात्री चालवावी.

पानगळ: आणि काहीच लपवलेलं नसेल, नुसतं दुखत असेल तर?