भूर्जाला झाकमाँचं नाव कशाला?

रानवाट्या:
परवा एका परदेशी नर्सरीचा कॅटलॉग चाळत होतो, त्यात पांढऱ्याशुभ्र खोडाचं झाड, नाव 'बेट्युला जॅकमाँटाय'. अरे हे तर आपलं भूर्ज! शेकडो वर्षं याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या लोकांनी आणि पाटी कुणाची तर व्हिक्टर झाकमाँ या फ्रेंच वनस्पती अभ्यासकाची. १८०१ साली पॅरिसमधे जन्म, तिथल्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने पाठवला, १८२९ ला कलकत्त्यात उतरला, मग दिल्ली, हिमालय, लाहोर, काश्मीर. लॉर्ड बेंटिंककडे पाहुणचार, रणजितसिंहांकडून शाली आणि पैसे, ओझी वाहायला आपली माणसं. माझ्या मते संशोधक कमी, शाही पाहुणा जास्त. ही नावं बदलायला हवीत.

कडूकारलं:
असहमत. बिचाऱ्याने ते नाव दिलंच नाहीये. तो १८३२ मधे गेला आणि ते नाव स्पाख नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८४१ मधे ठेवलं. शिवाय त्याआधीच, १८२५ ला, डेव्हिड डॉन या दुसऱ्या वनस्पतीशास्त्रज्ञाने भूर्जाला 'बेट्युला युटिलिस' म्हटलं होतं, युटिलिस म्हणजे उपयोगी. आज जॅकमाँटाय हा बहुतेक जण त्याचाच एक प्रकार धरतात. म्हणजे तुमचं भूर्ज 'उपयोगी'च आहे, पाटी फक्त एका प्रकारावर, उगाच कशाला चिडायचं?

रानवाट्या:
मुद्दा मान्य, पण मग 'जाकमाँशिया' ही वेलींची अख्खी प्रजाती पण त्याच्याच नावाची, तिचं काय? मेल्यावर मित्रमंडळींनी वाटलेली बक्षिसं आहेत ही.

सांजवारा:
मी त्याची पत्रं इंग्रजीतून वाचलीयेत म्हणून मधे बोलते. माणूस जाम गमत्या, पण शिष्ट पण तेवढाच. रणजितसिंहांबद्दल लिहितो की प्रश्न विचारून विचारून जीव नकोसा केला, इंग्रज, बोनापार्ट, देव, सैतान, काहीच सोडलं नाही, आणि वर म्हणतो असा चौकस हिंदुस्थानी मला जवळजवळ पहिलाच भेटला. आता बोला! दोन वर्षं ज्यांना विचारत विचारत रस्ता काढला ते चौकस नव्हते होय? पण नुसता पाहुणा म्हणणं पण मला पटत नाही. त्याने नेलेले नमुने पॅरिसला पोचले, त्यावर काँबेसेद आणि दकेन यांनी वनस्पतींचं काम केलं, आणि प्रवासाचे मोठाले खंड १८३५ ते १८४४ मधे निघाले. मेजवान्या झोडून एवढं होत नाही ओ.

कडूकारलं:
+१. आणि शेवट बघा ना. १८३२ च्या पावसाळ्यात पुण्यात होता, मग मुंबईकडे येताना साष्टीच्या रानात हिंडला आणि तिथेच तापाने धरलं. लिव्हरमधे गळू झालं. मेडिकल शिकलेला असल्यामुळे काय चाललंय ते त्याला कळत होतं. १ डिसेंबरला भावाला, पोर्फीरला, शेवटचं पत्र लिहिलं आणि ७ तारखेला मुंबईत गेला. वय ३१. शाही पाहुणा म्हणे.

रानवाट्या:
वाईट वाटलंच, दगड नाहीये मी. पण त्याच तापाने त्याच्याबरोबरच्या नोकरांपैकी कोण गेलं, कुणी लिहिलंय का? साल कुठली, झाड कुठे, हे ज्यांनी दाखवलं त्यातल्या एकाचंही नाव लॅटिनमधे का नाही?

सांजवारा:
हा प्रश्न मात्र बरोबर आहे, फक्त तो झाकमाँला विचारून उपयोग नाही, नावं ठेवणाऱ्यांना विचारा. बाकी त्याची कबर शोधायला मुंबईत जाऊ नका कुणी, १८८१ मधे अवशेष उकरून पॅरिसला नेलेत.

कडूकारलं:
घ्या, म्हणजे तेही सँपल म्युझियमलाच गेलं की.