मदत हवी आहे: आगरऐवजी इसबगोल, पण गुठळ्या सुटत नाहीत

नमस्कार मंडळी,

सोलापूरजवळ आमची केळीच्या टिश्यू कल्चरची छोटी लॅब आहे. जी-नाइन या केळीच्या जातीची रोपं करतो, बरीचशी करमाळ्याकडं जातात. पुढं भगवा डाळिंबही करायचंय. मीडिया (कोंब ज्यात वाढतात ते पोषक मिश्रण) एमएसचाच, म्हणजे मुराशिगे-स्कूगच्या नेहमीच्या कृतीचा: लिटरला साखर 30 ग्रॅम, आगर (मीडिया घट्ट करणारी समुद्री शेवाळाची पूड) 8 ग्रॅम, पीएच 5.8. बिलात सगळ्यात जड पडतं ते आगर.

आधी साबुदाणा करून बघितला. लिटरला 130 ग्रॅम घातला तेव्हा कुठं नीट बसला, पण बाटली इतकी दुधाळ की आत बॅक्टेरिया धरलेत हे बाहेरून कळेचना. कोंब कापायला घेतले तर बुडाशी पांढरट चिकटा. 40 बाटल्या फेकल्या. जेलन गम हा घट्ट करणारा दुसरा पदार्थ 2 ग्रॅममध्ये स्वच्छ जमतो, पण त्यात आमचे कोंब पाणचट होतात आणि हार्डनिंगला, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय लावताना, टिकत नाहीत.

इसबगोलाच्या भुशावर मात्र जीव बसलाय. 30 ग्रॅमला कोंब छान फुटले, पानं हिरवीगार. अडचण एकच, पाण्यात पडला की लगेच फुगतो. शिजवून ओतायला जावं तर पातेल्यातच सुताच्या खळीसारखा घट्ट. आगरासारखा परत वितळतही नाही. काही बाटल्यांत गोळा, काहींत नुसतं पाणी.

रोजच्या कामात कुणी वापरतं का? ओतता कसा?

उत्तर: ताई, शिजवून ओतूच नका. भुसा मिक्सरला बारीक करून चाळा आणि तेवढ्याच वजनाच्या कोरड्या साखरेत कालवा. साखरेमुळं कण सुटे राहतात. 40 मिलीच्या बाटलीला हे मिश्रण 2.4 ग्रॅम, म्हणजे भुसा 1.2 आणि साखर 1.2. वरून बिनसाखरेचा, पीएच लावलेला मीडिया ओता, झाकण लावून लगेच जोरात हलवा. मग 121 अंशांवर 20 मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) करा. बाहेर काढल्यावर गरम असतानाच पुन्हा एकदा हलवा. वजनं करायला वेळ जातो, पण बाटल्या एकसारख्या येतात.

धागाकर्ती: दादा, साखरेचं डोक्यातच आलं नव्हतं! उद्या 20 बाटल्या लावते, शेजारी 20 आगराच्या ठेवते. अजून एक सांगा, रोप काढताना मुळांना बुळबुळीत थर चिकटून राहतो. तो नळाखाली धुऊन निघतो, की पाण्यात ठेवायला लागतं?