मे महिन्यात आंगणात फुलं पाहिजेत, नागपूरच्या उन्हात टिकणारं काय लावू?

मनीषनगरवाली:
नमस्कार मंडळी. आमचं लहानसं घर, समोर आठ बाय बाराचं आंगण, तोंड पश्चिमेला. आई मार्चपासून माझ्याकडे राहायला आली, गुडघ्यांमुळे तिचं बाहेर जाणं बंदच झालंय, म्हणून तिच्यासाठी फुलं लावावी असं फार मनात आहे. हिवाळ्यात पेटुनिया अन् शेवंती मस्त झाली होती पण एप्रिल लागला तसं सगळं करपलं, आता तर पारा ४५ च्या वर जाऊन राहिला आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, अजून यायचाच आहे. जास्वंदाला कळ्या येतात, पिवळ्या पडतात अन् गळून जातात. सगळे म्हणतात पावसाळ्यापर्यंत थांब, पण मला याच महिन्यात फुलं पाहिजेत. तुमच्याकडे आत्ता खरंच काय फुललंय ते सांगा, पुण्या-मुंबईचे सल्ले आपल्याकडे चालत नाहीत.

गोकुळपेठची काकू:
बाई, आधी हे सांग, आई आंगणात कितीक वाजता बसते?

मनीषनगरवाली:
सकाळी साडेपाच ते सात, मग एकदम संध्याकाळी सात नंतर काकू. बाकी दिवसभर कूलरसमोर, पण तिच्या पलंगाजवळच्या खिडकीतून आंगण दिसतं.

गोकुळपेठची काकू:
मग घड्याळ पाहून झाडं लाव. आपल्याकडे मे महिन्यात माणूस बाहेर असतो तेव्हा फूल उघडं पाहिजे, नाही तर झाड फुलून काय उपयोग. संध्याकाळसाठी मोगरा, याला तोड नाही, ऊन जितकं कडक तितका तो खूश. दुपारपर्यंत हिरवट असलेली कळी चार-पाच वाजता दुधासारखी पांढरी अन् टपोरी झाली की समज आज रात्री उमलणार, तीच नखाने खुडायची, हिरवी खुडली तर उमलत नाही नीट. एक बहर संपला की शेंडे चार बोटं छाटून टाक, मोगरा नवीन फुटीवरच फुलतो, लोकं छाटत नाहीत अन् मग म्हणतात नुसता पाला वाढून राहिला. मोठी छाटणी मात्र जानेवारी-फेब्रुवारीत.

खिडकीसमोर ऑफिस टाइम लाव, चिनी गुलाब म्हणतात तोच. तो नऊच्या सुमारास उघडतो अन् दुपारी मिटतो, म्हणजे बाहेर बसणाऱ्याला दिसतच नाही, पण तुझ्या आईला पलंगावरून दिसेल. बोटभर फांदी तोडून मातीत खोचली तरी लागते, आत्ता मे मध्येसुद्धा. सकाळसाठी सदाफुली, बटन फुल. बटन फुल तर वाळलं तरी रंग सोडत नाही, माझ्या देवघरात मागच्या वर्षीचं आहे अजून.

त्रिमूर्तीनगर दादा:
काकूंनी झाडं सांगितली, मी कुंडीचं सांगतो, कारण अर्धी झाडं इथेच मरतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत पश्चिमेचं ऊन पडलं की आतली मुळं शिजतात. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ झालं होतं, त्या आठवड्यात माझ्या काळ्या कुंडीतली सगळी झाडं गेली अन् शेजारीच मातीच्या कुंडीतला मोगरा राहिला, तेव्हापासून प्लास्टिक बंद. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, वरून दोन बोटं कुटार (भुसा) नाहीतर पालापाचोळा पसरवा. नुसती काळी माती भरू नका, ती वाळली की कडेने भेगा पडतात आणि पाणी त्या भेगेतून सरळ खाली निघून जातं, मधलं ढेकूळ कोरडंच राहतं. अर्धी माती, बाकी शेणखत अन् जाड रेती.

पाणी सूर्य उगवायच्या आत. संध्याकाळी पाईपने द्यायचं असेल तर पहिलं पाणी नालीत सोडा, हात लावून पाहा, चहासारखं गरम असतं ते.

वर्धा रोड:
कूलरच्या टाकीतलं पाणी झाडांना देऊ नका ताई. मी पाण्याची बचत म्हणून महिनाभर मोगऱ्याला तेच घातलं, पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मातीवर पांढरा थर आला. पाणी उडून जातं, क्षार टाकीत राहतात, आपल्याकडे बोअरचं पाणी आधीच जड. मग तीन दिवस रोज नळाचं पाणी भरपूर घालून खालून वाहू दिलं तेव्हा कुठे नवीन फूट आली. आरओचं वाया जाणारं पाणीही तसंच, त्याने आंगणात सडा टाका, आईला बसायच्या आधी फरशी तरी गार होईल.

अन् हिरवी नेट बांधाल तर ५० टक्केवाली, दुपारपुरती. मोगरा, ऑफिस टाइम नेटखाली नको, जास्वंद ठेवा.

त्रिमूर्तीनगर दादा:
नेटबद्दल सहमत. भिंतीजवळ जागा असेल तर बोगनवेल पण घ्या, तिला मुळात पाणी कमीच पाहिजे, जास्त दिलं की पानं येतात, रंग येत नाही.

गोकुळपेठची काकू:
पुढच्या वर्षासाठी एक फुटबॉल लिलीचा कांदा लावून ठेव. वर्षातून एकदाच फुलते, मे-जूनमध्ये, आधी सरळ दांडा वर येतो अन् मग लाल गोळा उघडतो, आठवडाभर टिकतो, हिवाळ्यात कुंडी रिकामी दिसली तर फेकू नको, कांदा आत झोपलेला असतो. अन् गुलबाक्षीचं बी मिऱ्यासारखं काळं असतं, ते पहिल्या पावसाला टाक, ती चार-पाच वाजता उघडते, सडा टाकून बसलं की समोर.

मनीषनगरवाली:
काल सकाळी सेमिनरी हिल्सकडच्या नर्सरीतून दोन मोगरे आणले, उन्हात गाडीवर नेऊ नका म्हणाले म्हणून ओल्या पोत्यात गुंडाळून आणले. एकाला अकरा कळ्या आहेत, आईने मोजल्या. आज संध्याकाळी तिने स्वतः चार खुडल्या अन् ओल्या रुमालात ठेवल्या. तिला त्या माठात टाकायच्या आहेत, लहानपणी घरी टाकायचे म्हणते. टाकू ना काकू?

गोकुळपेठची काकू:
नको बाई इतक्यात. नर्सरीतल्या झाडावर फवारा मारलेला असू शकतो, पंधरा-वीस दिवस जाऊ दे, तुझ्या हाताखाली आलेली नवीन कळी येईल ती धुवून टाक माठात. आजच्या चार वाटीत पाणी घेऊन आईच्या उशाशी ठेव, रात्री उमलतील.