पाण्यातला केशर आंबा: पानांचे शेंडे करपतायत, मुळं तपकिरी. द्रावण बदलू की बादलीच?

गच्ची_कोथरूड (प्रश्न)

पुण्यात गच्चीवर केशर आंब्याचं कोय कलम (कोयीपासून उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधलेलं) आहे, उंची अडीच फूट. ४० लिटरची झाकणवाली काळी बादली, आत एअर पंप आणि स्टोन, कलम जाळीच्या कुंडीत क्ले बॉल्सवर. पाच महिने झाले. द्रावण पालेभाज्यांसाठीचं तयार ए-बी (दोन भागांतलं खत), ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) २.२, पीएच (आम्लतेचं माप) ६.८ ते ७.२. पाणी नळाचं, त्याची मूळ ईसी ०.२. दुपारी बादलीतलं पाणी ३३ अंशांवर जातं.

जुन्या पानांचे शेंडे आणि कडा तपकिरी झाल्यात. नवी पालवी पिवळी, पण शिरा हिरव्या. मुळं तपकिरी आणि बुळबुळीत, पाण्याला वास येतोय. नुसतं द्रावण पातळ करून भागेल का? आणि पुढे मोहोर धरायचा असेल तर केशर ठेवू की हापूस आणू?

खुंट_आणि_जोड

द्रावण पातळ करून भागणार नाही, बादलीच बदला. तुमच्याकडे तीन दुखणी एकत्र आली आहेत.

करपलेले शेंडे म्हणजे क्षार जास्त. आंबा या बाबतीत नाजूक आहे, पालकाला चालणारी २.२ ईसी त्याला झेपत नाही. हिरव्या शिरांची पिवळी पालवी म्हणजे लोह मिळत नाही. द्रावणात लोह असेलही, पण पीएच ७ च्या आसपास गेला की मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून वरून लोह ओतत बसू नका, आधी पीएच ६ वर आणा. तिसरं आणि मोठं दुखणं मुळांची कूज. २० अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला ९ मिलिग्रॅमपर्यंत विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात मुळांची भूक उष्णतेनं वाढलेली. पंप मोठा लावलात तरी तापमान हटत नाही, आणि काळी बादली उन्हात असेपर्यंत ते हटणारही नाही.

शिवाय पाण्यात झाडाला टेकू नाही. आज अडीच फूट आहे म्हणून उभं आहे. पाच फुटांचा डेरा आणि त्यावर पावसाळी वारा आला की जाळीची कुंडी त्याला धरणार नाही. आंब्यासाठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे) भरलेली पिशवी आणि ड्रिप हाच मार्ग. मातीविना शेतीच आहे ती, फक्त मुळं पाण्यात बुडालेली नसतात.

आता ६० लिटरची पांढरी ग्रो बॅग घ्या, दोन वर्षांनी १०० ते १२०. मिश्रण आकारमानानं ६० टक्के कोकोपीट, ४० टक्के जाड पर्लाइट. कोकोपीटच्या विटेत मीठ असतं, धुतल्याशिवाय वापरू नका. ५ किलोची वीट फुगवा, निथळा, पुन्हा पाणी भरा, पुन्हा निथळा, निथळ्याची ईसी ०.५ च्या खाली येईपर्यंत. मग १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पुरेशा पाण्यात विरघळवून त्यात वीट रात्रभर भिजत ठेवा आणि शेवटचं एकदा धुवा. ही पायरी लोक टाळतात. मग काथ्या द्रावणातला कॅल्शियम धरून ठेवतो, सोडियम-पोटॅश बाहेर सोडतो, आणि महिन्याभरात पानांच्या कडा पुन्हा जळतात.

लावणी संध्याकाळी करा. बुळबुळीत मुळं निर्जंतुक कात्रीनं पांढऱ्या भागापर्यंत छाटा. मुळं कमी झाली म्हणून पानंही निम्मी कमी करा, नाहीतर झाड वरून सुकेल. कलमाचा जोड मिश्रणाच्या वर चार बोटं राहिला पाहिजे. तो गाडला गेला की ओलाव्यानं कुजतो. जोडाखालून, म्हणजे खुंटातून (खालच्या मूळ रोपातून), फूट आली तर लगेच खुडा. पाण्यात वाढलेली मुळं मऊ असतात, त्यांना नवी बारीक मुळं फुटायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर झाड सावलीत ठेवा. या काळात पानं गळली तरी काडी हिरवी असेल तर घाबरू नका.

वजन विसरू नका. ओली ६० लिटरची पिशवी ४० किलोच्या आसपास भरते, १२० ची ८०. घरांच्या गच्च्या साधारण चौरस मीटरला १५० किलो भार धरून काढलेल्या असतात. पिशव्या मधोमध गोळा न करता तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवा. खाली विटांचे दोन थर द्या, निथळा मोकळा जाईल.

मीठ_मोजून

वरचं सगळं मान्य, मी द्रावणाचे आकडे देतो. पाच-पाच लिटरचे दोन कॅन करा.

ए: कॅल्शियम नायट्रेट २५० ग्रॅम, चिलेटेड लोह (ईडीटीए, १२ टक्के) ८ ग्रॅम.
बी: पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५) १२५ ग्रॅम, ००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) ५० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १५० ग्रॅम, चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं १० ग्रॅम.

दोन्ही घट्ट अवस्थेत कधीही एकत्र करू नका. कॅल्शियमला सल्फेट भेटला की जिप्सम होऊन तळाशी बसतो, फॉस्फेटबरोबरही गाळ धरतो, आणि ड्रिपर बंद. आधी टाकीत पाणी, मग ए ढवळून, मग बी. पूर्ण मात्रा लिटरला प्रत्येकी १० मिलि, म्हणजे २० लिटरला २००-२०० मिलि. तुमच्या नळाच्या पाण्यात ईसी १.४ च्या आसपास येईल. याच्या वर जायचं कारण नाही. पहिले दोन आठवडे ३ मिलि, नवी पालवी दिसली की ५, पानं गडद झाली की १०.

पीएच ५.८ ते ६.२. फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबानं, आम्ल पाण्यात टाकायचं, उलट नाही. पोटॅशसाठी स्वस्तात म्युरेट (पोटॅशियम क्लोराइड) घेऊ नका, त्यातल्या क्लोराइडनं हेच शेंडे पुन्हा करपतील.

२ लिटर प्रतितासाचे दोन ड्रिपर, बुंध्यापासून वीतभर लांब. उन्हाळ्यात दिवसातून ३ वेळा १२ मिनिटं, म्हणजे अडीच लिटरच्या आत. दिलेल्यातलं १५-२० टक्के खालून निथळलं पाहिजे. तो निथळा दर रविवारी मोजा, कारण पिशवीत काय चाललंय ते टाकीची ईसी सांगत नाही. निथळा २ च्या वर गेला तर पिशवीच्या आकारमानाइतकं साधं पाणी सावकाश सोडा, मग पुन्हा द्रावण. निथळा टाकीत परत घेऊ नका, जास्वंदीला घाला. पावसाळ्यात पिशवी आपोआप धुतली जाते, तेव्हा पाणी बंद आणि आठवड्यातून दोनदा थोडं द्रावण.

कूज पुन्हा येऊ नये म्हणून लावणीवेळी ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड घालत राहा.

खुंट_आणि_जोड

शेवटचं वाक्य खोडा. पेरॉक्साइडनं ट्रायकोडर्माही मरतो. दोन्हीतलं एकच. माध्यमात ट्रायकोडर्मा, पेरॉक्साइड फक्त रिकामी बादली धुवायला.

मीठ_मोजून

बरोबर. घाईत लिहिलं.

गच्ची_कोथरूड

रविवारी लावणी करतो. पण रोज खतपाणी मिळालं तर झाड नुसती पालवीच काढत राहणार ना? कल्टार (पालवी रोखून मोहोर आणणारं औषध) घालावं का?

कातळ_बाग

नेमका मुद्दा. आंब्याला मोहोर उपाशीपणातून येतो असं नाही, पण सतत भरल्या पोटी नक्की येत नाही. रत्नागिरीकडे कातळात सुरुंग लावून खड्डे काढतात, त्यात माती भरून हापूस लावतात. पाऊस गेला की तिथली ओल भराभर उतरते आणि झाड आपसूक पाण्याच्या ताणावर जातं. तुमच्या पिशवीतही मुळांना जागा तेवढीच आहे, फक्त टायमर तो ताण बसू देत नाही. ऑक्टोबरनंतर टायमर म्हणजे तुमचा शत्रू समजा.

शेवटची पालवी ऑगस्ट-सप्टेंबरात पक्की व्हायला हवी. मोहोर जून काडीवर येतो, कोवळ्या नाही, म्हणून छाटणी जूनमध्ये उरका. ऑक्टोबरच्या मध्यापासून ए आणि बी लिटरला अडीच-अडीच मिलिवर आणा आणि सोबत ००:००:५० (पोटॅशियम सल्फेट) लिटरला ०.३ ग्रॅम. टायमर बंद. पिशवी भिजलेल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यानं हलकी झाली की मगच पाणी, साधा वजनकाटा पुरतो. इथे मातीसारखं कोरडं ठणठणीत करू नका: पाणी उडतं तसे उरलेले क्षार घट्ट होतात आणि सुकलेलं कोकोपीट पाणी झटकून टाकतं. पुण्याची डिसेंबरातली थंडी बाकीचं काम करते. त्या बाबतीत मुंबईच्या बाल्कनीपेक्षा तुम्ही सुखी.

कल्टार नको. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस मोठ्या झाडांसाठी आहे, डेऱ्याच्या व्यासाच्या दर मीटरला ०.७५ ग्रॅम सक्रिय घटक, जुलै-ऑगस्टात, जमिनीत. ६० लिटरच्या पिशवीत हात जरा चुकला की पेरं आखडतात, पानांचा गुच्छ होतो, आणि औषध माध्यमात रेंगाळत राहतं.

केशर आहे तो ठेवा. हापूस आणू नका. त्याचा डेरा मोठा, तो वर्षाआड धरतो आणि साकाही (गर आतून पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) होतो. दुसरं झाड घ्यायचंच तर आम्रपाली (दशेरी × नीलम, दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था, १९७१). बुटकी आहे आणि दरवर्षी धरते, पिशवीसाठी तिच्यासारखी नाही. हापूसची चव हवी असेल तर वेंगुर्ल्याची रत्ना, नीलम × हापूस, १९८१ ची. तिला साका होत नाही.

लावल्यापासून पहिली दोन वर्षं मोहोर आला तरी खुडा. तिसऱ्या वर्षी ठेवाल तेव्हा कळ्या फुगू लागल्या की पाणी हळूहळू वाढवा. फळं वाटाण्याएवढी होईपर्यंत पूर्ण द्रावण देऊ नका, नाहीतर मोहोरातूनच पालवी फुटते. एका फळामागे ३०-४० निरोगी पानं धरा. दीडशे पानांच्या झाडावर चार-पाच फळं पुरे, बाकी गोटीएवढी असताना काढा. मोहोरावर भुरी आली तर ८० टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, तेही संध्याकाळी.

आणि मोहोर फुलल्यावर डासांची जाळी काढा. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात.